पालकांनी वाचून सही करावी

शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी सात उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, "सातही मुलींनी एकाच मैत्रिणीला फसवलंय. वाचा." मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. वाचायची खरं तर गरज नव्हती. पहिल्या पत्रिकेवरचं पहिलं वाक्य दिसलं तेव्हाच कळलं होतं, कारण ते वाक्य माझं होतं. दुसऱ्या पत्रिकेवर तेच, जरा तिरक्या अक्षरात. तिसरीवर तेच, शाई फुटलेली. चौथीवर एक शब्द गळालेला, पण बाकी जसंच्या तसं. शिक्षकांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता, खिडकीशी कुणीतरी डबा उघडून बसलं होतं, आणि माझ्या आयुष्यातली एक संध्याकाळ सात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत टेबलभर पसरली होती. तीस वर्षं जी मी एकाही माणसाला सांगितली नाही ती.

बाई माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान. आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. "प्रश्न असा होता," त्या म्हणाल्या, "की तुमच्या हातून घडलेली आणि तुम्हाला अजून टोचणारी एखादी गोष्ट लिहा. वर्गात बेचाळीस मुली. कुणी कपबशी फोडली, कुणी भावाची वही लपवली, एकीनं तर शेजारच्यांच्या मांजराला मिशा कापून सोडलंय. आणि या सात जणींकडे एकेक मैत्रीण, तिला आलेलं एकेक इंग्रजी पत्र, आणि ते सातही जणींनी मुद्दाम खोटं वाचून दाखवलेलं. एवढ्या मैत्रिणी एकदम फसल्या म्हणजे साथच आली म्हणायची." मी हसले. हसायला नको होतं, पण चेहऱ्याचं दुसरं काय करायचं ते सुचेना. म्हटलं, माझ्याच शिकवणीतल्या आहेत. "ते माहीत आहे, म्हणून तर बोलावलं. तयार उत्तरं सगळेच देतात, त्याचं मला काही नाही. पण हे गाइडमधलं नाही. गाइडमधली मुलं खोटं बोलली की शेवटच्या ओळीत रडतात आणि मग त्यांना सगळे माफ करतात. ही रडतच नाही. कुठून घेतलंत हे?"

"असंच," मी म्हणाले. "सुचलं."

"छान सुचलं." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागद गोळा करायला लागल्या. या उत्तराला शून्य, पत्रिका आजच घरी जाणार, पालकांनी वाचून सही करायची आणि मुलीनं स्वतःची गोष्ट नव्याने लिहून आणायची. प्रत्येक पत्रिकेच्या तळाला जांभळ्या शाईचा शिक्का होता, पालकांनी वाचून सही करावी. गोळा करता करता एक पत्रिका त्यांनी वेगळी काढली. "हिनं मात्र शेवट बदललाय. ही तुमची कोण लागते ना?" बहिणीची मुलगी, मी म्हणाले. घरात तिला आम्ही बारकी म्हणतो, तेरा वर्षांची झाली तरी. माझ्या शिकवणीत सगळ्यांत मागे राहणारी, उतारा वाचायला सगळ्यांत जास्त वेळ घेणारी. मी सांगितलेलं शेवटचं वाक्य होतं, मी हे तिला कधीच सांगितलं नाही. बारकीनं ते खोडलं होतं आणि खाली स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, माझी मैत्रीण आता दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवते आणि तिचे डोळे दुखतात. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. "मधेच पडदे कुठून आले कळलं नाही," त्या म्हणाल्या, "पण सात जणींत ही एकच काहीतरी विचार करून लिहिते असं वाटलं. दोन गुण देणार होते. मग म्हटलं, बाकीच्या सहा जणी माझा जीव खातील."

पडदे कुठून आले ते मला कळलं होतं. माझी बहीण पडदे शिवते. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात, काउंटरच्या मागच्या खोलीत, गेली एकोणीस वर्षं.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडले ती घराकडे न जाता उलट्याच दिशेला चालायला लागले. सकाळची साडेअकराची वेळ, दुकानांपुढचं पाणी मारून झालेलं, फूटपाथ अजून ओला. चालताना माझा हात पुन्हा पुन्हा पिशवीत जात होता, काहीतरी विसरलंय असं वाटून. किल्ली होती. छत्री होती. रुमाल होता. काहीच विसरलेलं नव्हतं. एका ठिकाणी भिंतीला रंग लावत होते, तिथे मी उगीचच थांबले आणि शिडीवरचा माणूस म्हणाला, "बाजूला व्हा मावशी, ठिपके पडतील." मावशी. गावभरची मी मावशी आहे. बारकी मावशी म्हणते म्हणून शिकवणीतल्या मुली मावशी म्हणायला लागल्या, मग त्यांच्या आया, मग वाणी, मग आता हा शिडीवरचा. मला एकदम वाटलं की याला सांगावं, मी सगळ्यांची मावशी नाही, मी एकीची ताई आहे, आणि ती ताई फार वाईट आहे. अर्थात सांगितलं नाही. बाजूला झाले.

पत्र आलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि बहीण अठरा. आमच्या घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, मला सोडून. बाबा गोदामात हजेरी मांडायचे, त्यांना आकडे यायचे. आई अंथरुणाला खिळलेली, तिला डावी कूस उजवी करायलाही माणूस लागायचं. त्यामुळे घरात इंग्रजी आलं की ते माझ्या हातात यायचं. विजेची नोटीस असो, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी असो, कचेरीचं पत्र असो. सगळे माझ्याभोवती बसायचे, मी आधी मनात वाचायचे, मग मान वर करायची आणि मराठीत सांगायचे. मला ते आवडायचं. तेवढा वेळ बाबासुद्धा माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. बहिणीनं कपडे बेतायच्या एका मोठ्या शाळेत अर्ज केला होता, परगावी, तीन वर्षं, राहणं-खाणं त्यांचंच. अर्जही मीच लिहून दिला होता. तिनं सोबत जुन्या चादरीचा एक फ्रॉक शिवून पाठवला होता, इतका सुबक की चादर होती हे सांगूनही खरं वाटलं नसतं. आणि मग एका संध्याकाळी पाकीट आलं. बाबांनी कंदिलासारखं ते दोन्ही हातांनी धरून आणलं. मी फोडलं. पत्रात पहिल्याच ओळीत त्यांना आनंद होत होता. मी ती ओळ मनात वाचली, दुसरी वाचली, वसतिगृहाच्या खोलीचा नंबरसुद्धा दिला होता, तोही वाचला. मग मान वर केली. तीन चेहरे. बहिणीच्या तोंडात टाचण्या होत्या, काहीतरी बेतत असताना उठून आली होती, त्या काढायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं. मी म्हणाले, त्यांना खेद वाटतो.

एवढंच. तीन शब्द. पुढचं आपोआप आलं, जागा भरल्या, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा, शुभेच्छा. खोटं इतकं सफाईदार येतं याचंच मला त्या क्षणी नवल वाटत होतं. बहिणीनं टाचण्या एकेक करून काढल्या आणि ब्लाउजच्या बाहीला लावून ठेवल्या. म्हणाली, "माझं नाव कुठंय त्यात, दाखव ना." मी दाखवलं. टाइप केलेलं स्वतःचं नाव तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यावरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "नाही म्हणताना पण केवढं नीट लिहितात गं." दुसऱ्या दिवशी मी ते पत्र कचेरीत नेलं आणि फाडून केराच्या टोपलीत टाकलं. टाइपरायटरवर त्या दिवशी माझ्या इतक्या चुका झाल्या की साहेब म्हणाले, बरं नसेल तर घरी जा. घरी गेले नाही. घरी बहीण आईला कुशीवर वळवत असणार हे मला माहीत होतं. ती गेली असती तर ते मला करावं लागलं असतं, नोकरी सोडावी लागली असती, हे कारण मी स्वतःला त्या दिवशी सांगितलं आणि पुढे तीस वर्षं सांगत आले. चांगलं कारण होतं. आईसाठी होतं. आई त्यानंतर चारच वर्षं जगली, आणि त्यानंतरही मी काही बोलले नाही, तेव्हा मात्र कारणाचं काय झालं ते मी पाहायला गेले नाही.

मग ते मुलींना का सांगितलं? चालता चालता हाच प्रश्न मी स्वतःला चार-पाचदा विचारला आणि दर वेळी रस्ता ओलांडायच्या निमित्ताने सोडून दिला. टायपिंगचा विभाग बंद पडल्यावर मी ही शिकवणी सुरू केली, बाहेरच्या खोलीत, दोन बाकं आणि पाच स्टुलं. शाळेचा इंग्रजीचा गृहपाठ, विशेषतः उतारे. उताऱ्याची माझी एक पद्धत आहे आणि तिच्यावर माझं सगळं नाव उभं आहे. आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा. तो शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्याखाली बोट ठेवायचं, आणि बोटाखालचं वाक्य टिपून काढायचं. उतारा कळायलाच पाहिजे असं नाही. जहाजाबद्दल असो, मधमाश्यांबद्दल असो, मुली बोट ठेवतात आणि गुण आणतात. अडतं ते शेवटच्या प्रश्नाला, जो नेहमी म्हणतो तुमच्या शब्दांत लिहा. तिथे बोट ठेवायला जागा नसते. म्हणून माझ्याकडे निळी वही आहे. तिच्यात तयार उत्तरं आहेत. पंख मोडलेला पक्षी, वारलेले आजोबा, अनोळखी माणसाने केलेली मदत. आजोबांनी तर गेल्या दहा वर्षांत निदान दोनशे वेळा प्राण सोडला असेल.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. वीज गेली होती, पंखा थांबलेला, मुली वह्यांनी वारा घेत होत्या. मी पक्षी सांगायला लागले तर आमची वकीलबाई, म्हणजे प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालणारी पुढच्या बाकावरची मुलगी, म्हणाली, "मावशी, हा पक्षी कुणालाच खरा वाटत नाही. काहीतरी खरं सांगा ना." सगळ्या म्हणाल्या, हो हो, खरं. आणि मी सांगायला लागले. इंग्रजीत. हेच विचित्र आहे, मराठीत ते माझ्या ओठांवर कधी आलं नसतं, पण इंग्रजीत सांगताना वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाचं आहे. छोटी छोटी सोपी वाक्यं. एकदा माझ्या मैत्रिणीला एक पत्र आलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी ते वाचलं. बहिणीच्या जागी मैत्रीण घातली, शिवणाच्या शाळेच्या जागी नुसती चांगली शाळा. मग मुलींनी विचारलं, तिनं असं का केलं? आणि मी त्या आठवड्याच्या शब्दांच्या यादीवर नजर टाकली, तिथे मत्सर हा शब्द होता, म्हटलं चला, त्याचाही उपयोग होईल. म्हणून सांगितलं, लिहा, मला तिचा मत्सर वाटला. सात पेनं एकदम कागदावर चालली. बारकी शेवटच्या स्टुलावर बसून, जीभ दातांत धरून, सगळ्यांच्या मागून लिहीत होती. तिच्या बाजूला माझं लक्षही नव्हतं. ती सगळ्यांत हळू वाचते याचा मला किती वेळा वैताग आला आहे. किती वेळा म्हटलंय, अगं कळून काय करायचंय तुला, बोट ठेव नि पुढे चल.

घरी आले तेव्हा दीड वाजला होता. जेवले नाही. दोन वेळा गॅस पेटवला आणि दोन वेळा बंद केला. एकच गोष्ट डोक्यात होती, की ती पत्रिका बहिणीच्या हातात पडायच्या आत माझ्या हातात यायला हवी. मग हळूहळू दुसरं लक्षात आलं आणि मी खुर्चीवर बसले. पडली तरी काय? तिला वाचता येणार नाही. अक्षरं येतात, दुकानांच्या पाट्या जुळवते, औषधांची नावं ओळखते, पण मुलीचं हाताने लिहिलेलं, गिचमीड इंग्रजी तिला कुठून लागणार. म्हणजे ती कुणाकडे आणणार? माझ्याकडे. शाळेचं काहीही आलं की ती माझ्याकडेच आणते. म्हणजे मला ते वाचून दाखवायचं होतं. आणि वाचून दाखवायचं असेल तर, मी काहीही वाचू शकत होते. हे सुचलं तसं मला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. तरी धुता धुता मी पक्ष्याची वाक्यं जुळवत होते. एकदा मी बागेत एक पक्षी पाहिला. त्याचा पंख मोडला होता. मी दगड मारला होता म्हणून. टोचणारी गोष्ट, अगदी प्रश्नाला धरून. लांबीही साधारण तेवढीच भरत होती.

चार वाजता मुली आल्या. सहाच. बारकी नव्हती. चपला काढल्या त्यावरूनच कळत होतं की रागावल्या आहेत. वकीलबाईनं दप्तर पुढच्या बाकावर टाकलं आणि बसायच्या आत म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत, आम्ही खरं लिहिलं, आणि सगळ्यांनी लिहिलं म्हणून ते खोटं ठरलं. याला काय अर्थ आहे मावशी?" मी म्हटलं, ते खरं होतं असं कोण म्हणालं? ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही सांगताना पाणी प्यायला थांबला होतात," ती म्हणाली. "पक्षी सांगताना कधी थांबत नाही." बाकीच्या हसल्या. मी त्यांना गृहपाठाचा उतारा काढायला लावला. दीपगृहाच्या रखवालदाराचा होता, एका संध्याकाळी तो दिवा लावत नाही आणि एक होडी खडकावर आपटते. मुलींनी भराभरा बोटं ठेवली. होडीत किती माणसं होती, बोट. खडकाचा रंग कोणता, बोट. शेवटचा प्रश्न होता, त्याने दिवा का लावला नाही? सहा बोटं कागदावरून वरून खाली फिरली, पुन्हा वर गेली. "नाहीये इथे," एकजण म्हणाली. "छापायचं राहिलंय." मी म्हटलं, असेल, नीट बघा. माझा आवाज चढला होता. मी स्वतः उतारा घेऊन पाहिला. खरंच नव्हतं. रखवालदार वर गेला, काडेपेटी हातात घेतली, समुद्राकडे पाहिलं आणि खाली आला, एवढंच होतं. त्या पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पूर्वी बाबा बघायचे तशा, आता मावशी मान वर करील आणि सांगील म्हणून. मी म्हणाले, आज डोकं दुखतंय, जा घरी. बारकी का नाही आली, तेवढं मात्र विचारलं. "ती शाळेतून सरळ आईच्या दुकानात गेली," वकीलबाई म्हणाली. "म्हणाली, सही आजच घ्यायचीय."

मुली गेल्यावर मी स्टुलं एकावर एक रचली, पुन्हा खाली काढली, पुन्हा रचली. दारावर थाप पडली तेव्हा साडेसहा झाले असतील, बाहेर दिवे लागत होते. बहीण एकटीच होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, केसांना धाग्याचे तुकडे चिकटलेले, हातात घडी घातलेली पत्रिका. आत येताच तिनं माझ्या खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं, ती नेहमीच पाहते. "याची दुमड निघालीय बघ, किती दिवस म्हणतेय दे म्हणून," असं म्हणत स्टुलावर बसली. बारकी कुठंय, मी विचारलं. "घरी सोडून आले. काय झालंय कुणास ठाऊक, तोंड उघडत नाही. मी म्हटलं कुठे सही करू ते दाखव, तर म्हणे नाही, आधी वाचायचं. म्हटलं बाई गं, मला कुठे येतंय. तर म्हणे, मावशीकडूनच वाचून घे. दुसऱ्या कुणाकडून नाही. पुन्हा पुन्हा तेच. शून्य मिळालंय म्हणून लाजतेय का गं?" मी म्हटलं, असेल. "वाच तर. काय एवढं लिहून ठेवलंय कार्टीनं."

पत्रिका माझ्यासमोर आली. मी चष्मा पुसला. बारकीचं अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. माझ्या तोंडात पक्षी तयार होता, बाग, पंख, दगड. बहिणीनं स्टूल पुढे ओढलं आणि हनुवटी हातावर टेकवून माझ्या ओठांकडे बघत बसली. तिचे डोळे लाल होते, हल्ली संध्याकाळी होतातच. मी म्हणाले, "एकदा मी बागेत..." आणि तेवढ्यात तिनं कागदावर बोट ठेवलं. शेवटच्या ओळीवर, लाल गोलाच्या आत. "थांब थांब, हा शब्द मला येतो," ती म्हणाली. खूश झाली होती. "दुकानाच्या पाटीवर आहे हा. रोज शटर उघडताना दिसतो. पडदे ना?" हो, मी म्हणाले. "मग? हिच्या गोष्टीत पडदे कुठून आले? आणि बागेत पडदे कसले गं?"

बोट तसंच होतं. सुईनं टोचून टोचून राकट झालेलं, नखाच्या कडेला धाग्याचा निळा रंग. असंच तिनं ते टाइप केलेल्या नावावर ठेवलं होतं. मला जमलं असतं. अजूनही जमलं असतं, बागेतल्या घराला खिडकी लावायची, खिडकीला पडदा, पडद्यामागून मी दगड मारला, मेंदू ते जुळवतही होता, सरावलेला आहे तो. पण त्या पोरीनं माझ्यासाठी तो शब्द तिथे ठेवला होता. त्या कागदावरचा जो एकच शब्द तिच्या आईला वाचता येतो तो. आईला आलेल्या त्या नकाराच्या पत्राची गोष्ट तिनं घरी ऐकलेली असणार. सगळ्यांत हळू वाचणाऱ्या माझ्या बारकीला सगळं कळलं होतं, तिनं विचार केला होता, आणि मग मला चारचौघांत तोंडघशी न पाडता, एकटीला, ही एक जागा करून दिली होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला, कारण रडत वाचता येत नाही. म्हटलं, बाग नाही, चुकलं माझं. पहिल्यापासून वाचते. आणि वाचलं. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत, जशी मी पूर्वी वाचायचे तसं. एकदा माझ्या मैत्रिणीला एक पत्र आलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिच्या घरातल्या सगळ्यांनी मला ते वाचायला सांगितलं. पत्रात लिहिलं होतं की तिची निवड झाली आहे. मी म्हणाले की झाली नाही.

बहीण हलली नाही. फक्त मोजपट्टीचं टोक तिच्या बोटांत आलं आणि ती ते गुंडाळायला लागली. मी वाचत राहिले. मला तिचा मत्सर वाटला. हे वाक्य मराठीत म्हणताना मी थांबले. आई म्हणायचं होतं मला. आई होती ना अंथरुणावर, कोण बघणार होतं तिच्याकडे. पण आई त्या कागदावर कुठेच नव्हती. शब्दांच्या यादीतून उचललेला तो एक शब्द होता आणि तो खरा होता. मला तिचा मत्सर वाटला होता. टाचण्या तोंडात धरून, आपल्याला काय मिळालंय हे अजून माहीत नसलेल्या त्या चेहऱ्याचा. मी ते दुसऱ्यांदा म्हणाले, मराठीतच. मग शेवटची ओळ वाचली, पडद्यांची आणि डोळ्यांची. मग तळाचा जांभळा शिक्काही वाचला, कारण तो उरला होता.

मोजपट्टी पूर्ण गुंडाळून झाली, बहिणीनं ती सोडली, ती घरंगळत उलगडली, तिनं ती पुन्हा गुंडाळायला घेतली. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मला वाटलं ती विचारील, का गं? उत्तर मी आत्ताच वाचून दाखवलं होतं, तरी विचारील. किंवा उठून जाईल. किंवा ओरडेल, तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. तिनं टेबलावरचं पेन उचललं. टोपण काढलं, टोकाकडे पाहिलं, शिक्क्याखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग सही न करता टोपण पुन्हा लावलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"खोलीचा नंबर किती होता?" तिनं विचारलं.

"सतरा," मी म्हणाले. माझ्या तोंडून इतकं चटकन आलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. पत्रात खोलीचा नंबर होता हे तिला कोण सांगणार होतं? बारकीच्या कागदावर ते नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण अठरा वर्षांच्या मुलीनं अशा शाळेबद्दल काय काय मनात मांडून ठेवलं असेल, खाट, खिडकी, दारावरचा नंबर, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"सतरा," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा, दुखऱ्या डोळ्यांना जपून पुसावं तसे. मग कागद उचलला, माझ्याकडे नीट सरळ करून ठेवला आणि पहिल्या ओळीखाली स्वतःचं बोट ठेवलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि मैत्रीण म्हणू नकोस."

मी तिच्या बोटाकडे पाहिलं आणि वाचायला लागले. एकदा माझ्या बहिणीला एक पत्र आलं.